शॅननचे पाहुणे

१

शार्दूलचं स्थळ आलं तेव्हा पूर्णिमाच्या आईनं चौकशीत काही कसर ठेवली नव्हती. सिगरेट नाही, पत्ते नाहीत, नागपूरचा असून तिखटही बेतानं खातो, इथवर सगळं कळलं होतं. रॉकेटचं विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. लग्न होऊन आयर्लंडला आल्यावर पूर्णिमाच्या ध्यानात आलं की माणसं घेऊन एखादं यान निघायचं असलं तर हा मनुष्य ऑफिसची मीटिंग बुडवील, पण ते चुकवणार नाही.

एनिसच्या कडेला, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या वसाहतीत त्यांचं घर होतं. घरात दोघंच. वर जिन्याच्या तोंडाशी एक बॉक्स रूम होती, नावाप्रमाणेच खोकं. एक टेबल आणि एक चाकांची खुर्ची मावली की खोली भरली. लॉकडाऊन लागल्यापासून शार्दूलचं ऑफिस तिथेच थाटलं होतं. तिच्या बरोबर खाली स्वयंपाकघर. त्यामुळे नवऱ्याच्या दिवसभराच्या हालचाली पूर्णिमाला छतावरून कळत.

बाकीचे लोक रॉकेटचा जाळ बघतात, धूर बघतात. शार्दूलचा जीव अडकायचा तो सुटकेत. "वर जाणं कुणालाही कळतं," तो म्हणायचा. "मधेच बिघडलं तर माणसं परत कशी आणायची, ते बघ. प्रत्येक टप्प्याची सोय वेगळी. जमिनीवर असताना बिघडलं तर वरची कॅप्सूल स्वतःची इंजिनं पेटवून बाजूला झेपावते आणि तिथल्याच समुद्रात पॅराशूटनं उतरते. थोडं पुढे बिघडलं तर किनाऱ्याकिनाऱ्यानं कुठेतरी. आणखी पुढे, तर कॅनडाजवळ."

"आणि मग?"

"मधला समुद्र चुकवायचा. भर अटलांटिकमध्ये वेळेत कुणी पोचू शकत नाही. तिथे पडणार असं दिसलं तर थोडा जोर लावून अलीकडे तरी राहायचं, नाही तर पलीकडे तरी यायचं. पलीकडे म्हणजे आपल्याकडे."

हे खरंच होतं. शेवटच्या त्या टप्प्याचं नावच शॅनन. पूर्णिमा रोज गाडी हाकत ज्या गावातल्या कारखान्यात जायची, ते शॅनन. कमांडर रेडिओवर शांतपणे तो शब्द उच्चारतो, म्हणजे आता बिघडलं तर आयर्लंडच्या पश्चिमेच्या समुद्रात उतरायचं. काही सेकंदांचाच मामला. लगेच इंजिन आपणहून बंद होतं आणि माणसं वर पोचलेली असतात.

पहिल्या लॉकडाऊनमधल्या मे महिन्याच्या संध्याकाळी त्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या दिवशी एक गंमत सुरू झाली ती कायमची. 'शॅनन' असं ऐकू आलं की शार्दूल खुशीत खुर्ची मागे ढकलायचा. छतावर घर्र असा आवाज व्हायचा, आणि वरून हाक यायची, "पूर्णिमा, पाहुणे आले तर?"

"येऊ देत. पोहे भिजवलेत," ती खालून म्हणायची.

पाहुणे कधी आले नाहीत. पोहे मग तीच दोघं खात.

२

पुढच्या वर्षी मार्चमध्ये नागपूरला सासूबाई, पद्मिनीबाई, अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शार्दूल जायला निघाला. टॅक्सी वळणापर्यंत गेली आणि परत आली, कारण साहेब चार्जर विसरले होते. दोन-दोन बॅगा आठवणीनं भरणारा आणि चार्जर विसरणारा नवरा दारात पाहून पूर्णिमाला हसू आलं. तिनं उंबऱ्यातूनच चार्जर त्याच्या हातावर ठेवला, "पळ आता," म्हणाली, आणि तो पळाला.

पद्मिनीबाईंचं ऑपरेशन छान झालं. त्या वॉकर धरून चालायला लागल्या, आणि एप्रिलमध्ये शार्दूलला ताप आला. आधी साधा वाटला, मग कोविडचा निघाला. त्याची बहीण यामिनी त्याला घेऊन गावभर हिंडली तेव्हा कुठे एका दवाखान्यात खाट मिळाली. तिथून तो मेसेज पाठवायचा. जेवण बरं आहे. शेजारच्या, खिडकीजवळच्या खाटेवर प्रकाशकाका म्हणून आहेत, रिटायर्ड पोस्टमास्तर, त्यांना मी कॅप्सूलची माहिती देतो, ते ऐकून घेतात. मग मेसेज लहान होत गेले, कारण टाईप करायलाही दम लागतो हे तो कबूल करत नव्हता आणि पूर्णिमाला समजत होतं.

ती जाऊ शकत नव्हती. विमानं भरवशाची नव्हती, परत येता आलं नसतं, आणि गेली असती तरी वॉर्डात कुणी सोडलं नसतं. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं तिचं चाललं होतं. दिवसा ती कारखान्यात जायची. तिथे श्वासाच्या नळ्यांचे प्लास्टिकचे सांधे बनत. ते पाण्यात बुडवून, हवा सोडून बुडबुडा येतो का बघायचं, आला तर सांधा बाद, हे तिच्या विभागाचं काम. आजवर तिला ते नुसते सांधे वाटायचे. आता प्रत्येक सांध्याच्या टोकाला कुणीतरी असल्यासारखं वाटायचं आणि तिची नजर ओली व्हायची.

एका गुरुवारी त्याचा मेसेज आला. 'उद्या चौघं निघतायत. माझ्या वाटचं तू बघ.'

३

शुक्रवारी तिनं रजा टाकली. सकाळी लख्ख ऊन पडलं होतं, आयर्लंडला न शोभेल असं. साखरेच्या डब्याला फोन टेकवून ती स्वयंपाकघरात बसली. हात आपोआप पोहे भिजवून मोकळा झाला होता.

रॉकेट निघालं. छान निघालं. पहिला टप्पा सुटला, दुसरा पेटला, निवेदक एकेका सुटकेचं नाव घेत होता आणि पूर्णिमाला शार्दूलचं बोलणं आठवत होतं: इथे बिघडलं तर इथे, तिथे बिघडलं तर तिथे. तिला वाटलं, माणसाच्या आजाराला अशी सोय असती तर. इथवर ताप आला तर या गावी उतरायचं, तिथवर आला तर त्या गावी, आणि मधलं पाणी चुकवायचं.

कमांडर म्हणाला, "शॅनन."

डोक्यावर खुर्ची घर्र करून मागे सरकली.

"येऊ देत. पोहे भिजवलेत," पूर्णिमा म्हणाली.

तोंडातून गेलं. सवयीनं गेलं, जांभई येते तसं. मग तिनं छताकडे पाहिलं. पडद्यावर इंजिन वेळेवर बंद झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, चौघं सुखरूप वर पोचले. काही म्हणता काही बिघडलं नव्हतं. कुणाला खाली यायचं कारण नव्हतं.

४

तिनं फोन पालथा ठेवला. मग तिनं स्वतःची समजूत घातली, आणि ती पक्की होती. घर जुनं नाही, पण फरशी लाकडी आहे. ऊन पडलं की लाकूड ताणलं जातं. जमीन किंचित उतरती असेल, खुर्ची घरंगळली असेल. गुणवत्ता विभागात इतकी वर्षं काढलेल्या बाईला कारण शोधता येत नसेल तर पगार कशाचा घेते.

ती वर गेली. बॉक्स रूमचं दार लागलेलं होतं. ते ती उघडं ठेवत असे, ओल धरू नये म्हणून. ओलीनं दारं फुगतात, आपोआप बसतात, हेही खरं होतं. तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ थंडगार आणि दमट होती. शेजारीच हॉट प्रेस होतं, म्हणजे गरम पाण्याची टाकी असलेलं टॉवेलांचं कपाट. त्यामुळे जिन्याचं हे टोक घरात सगळ्यांत उबदार असायचं. आज तिथे समुद्राचा वास येत होता. एनिसहून समुद्र बराच लांब आहे.

तिनं मूठ फिरवली नाही. खाली फोन वाजत होता.

यामिनीचा आवाज घोगरा झाला होता. "वहिनी, घाबरू नका. दादाला आत्ता व्हेंटिलेटरवर टाकलं. डॉक्टर म्हणून राहिले की थोडा आराम मिळेल त्याला. तो पोस्टमास्तर काकांना काहीतरी सांगून राहिला होता, तेवढ्यात ऑक्सिजन एकदम खालीच गेला. आत्ता, वहिनी. पंधरा मिनिटंही नसतील झाली."

पूर्णिमा जिन्याच्या पायरीवर बसली. समोरच्या दाराशी पायपुसणं होतं, काथ्याचं. ते चिंब भिजलेलं होतं आणि त्यातून पाणी फरशीवर पसरत होतं. बाहेर पाऊस नव्हता. ती यामिनीला "हो, हो," म्हणत राहिली आणि त्या पाण्याकडे बघत राहिली.

५

दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजारची नोरीन भेटली. नोरीन सत्तरीची, एकटी, कुंपणापलीकडून अंतर राखून बोलणारी. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याला 'स्वारी' म्हणत, तशी इकडे 'हिमसेल्फ' म्हणायची पद्धत आहे.

"हिमसेल्फ परत आला म्हणायचा," नोरीन तिच्या इंग्रजीत म्हणाली. "काल सकाळी दारात पाहिला. भिजून ओलाचिंब झाला होता बिचारा. क्वारंटाइन वगैरे काही नाही का त्याला?"

"तो नव्हता, नोरीन. पार्सलवाला असेल."

"असेल बाई. माझे डोळे आता तसेच." ती थोडी थांबली. "पार्सलवाला तुमच्या किल्लीनं दार उघडत नाही, एवढं आपलं मला वाटलं. बाकी सगळं ग्रँड ना?"

"ग्रँड," पूर्णिमा म्हणाली, 'ठीक आहे'ला इकडे हाच शब्द, आणि आत येऊन तिनं दाराला पाठ टेकली.

त्या रात्रीपासून नव्हे, त्या दुपारपासूनच तिला तो आवाज ऐकू यायला लागला. आधी वाटलं बॉयलर आहे. मग वाटलं नोरीनचं वॉशिंग मशीन. तिनं बॉयलर बंद केला. नोरीन बाहेर गेलेली तिनं खिडकीतून पाहिली. आवाज बॉक्स रूममधूनच येत होता, आणि तो कसला आहे हे कळायला पूर्णिमाइतकं योग्य माणूस सबंध क्लेअर परगण्यात नसेल. हवा आत ढकलली जाते, सांध्याशी टक होतं, मग हवा सुटते. यंत्राचा श्वास. ज्या नळ्या ती पाण्यात बुडवून तपासायची, त्यांतून तो असाच जातो.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटली ती फक्त पहिल्या दिवशी. रविवारी ती बॉक्स रूमच्या दाराबाहेर चादर पसरून बसली, भाजी निवडत. आत श्वास चालू होता. नागपुरात काय चाललंय ते यामिनी दिवसातून दोनदा सांगे, त्यात नवं काही नसे. कमी नाही, जास्त नाही. इथे मात्र दर क्षणाला कळत होतं की तो आहे. पूर्णिमा त्याच्याशी बोलू लागली. मेथी किती महाग झाली, नोरीन काय म्हणाली, तुझ्या टीममधल्या आशिषचा फोन येऊन गेला. आतून उत्तर येत नव्हतं. तिला चालत होतं. असाच राहिला तरी चालेल, इथपर्यंत तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला लाजही वाटली नाही.

६

सोमवारी यामिनीनं सांगितलं की डॉक्टर आता आकड्यांवर बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. पाठोपाठ पद्मिनीबाई फोनवर आल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"पूर्णिमा, इकडे यायला निघाला तेव्हा तो अर्ध्यातून फिरला होता काय ग?"

"चार्जर राहिला होता, आई."

"मंग बसवलं होतं का त्याला? पाणी दिलं होतं?"

"नाही, आई. उंबऱ्यातूनच गेला."

"अर्ध्यातून फिरलेल्या माणसाला बसवून पाणी द्यावं लागते, बेटा. मंग तो नव्यानं निघते. नाही तर ना इकडचा राहते, ना तिकडचा." त्यांनी उसासा सोडला. "मी तुला बोल लावून नाही राहिली. माझ्या मनात आलं म्हणून विचारलं."

फोन ठेवल्यावर पूर्णिमानं पेला काढला, पाणी भरलं आणि जिन्याच्या मध्यावर येऊन थबकली. पाणी प्यायला की तो निघणार. कुठे निघणार, हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनाही ते माहीत नसावं. परत त्या खाटेवर, की पुढे? पाणी नाही दिलं तर तो इथे राहील. दाराआड का होईना, श्वास घेत राहील. तिला तेवढं पुरलं असतं.

पण मग शार्दूलच म्हणायचा ते तिला आठवलं. कॅप्सूल समुद्रावर उतरली म्हणजे माणसं वाचली असं नव्हे. ती तिथे फार वेळ तरंगू शकत नाही. आतल्यांनी नुसतं दार उघडून भागत नाही, बाहेरून कुणीतरी यावं लागतं. ती खाली पाण्यावर आपटत राहते आणि आतली माणसं वाट बघतात. "उतरायला जागा असते ग ती," तो म्हणाला होता. "राहायला नव्हे."

तिनं मूठ फिरवली आणि दार वीतभर उघडलं.

आत उजेड होता, पण तो एनिसच्या सकाळचा नव्हता. खोल पाण्यातून वर बघावं तसा हिरवट. तिला जमिनीवर पाय दिसले. शार्दूलचे. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, ज्याची ती लग्नापासून थट्टा करत आली होती. पाय ओले होते आणि नखं निळी पडली होती. त्याच्या शेजारी आणखी पाय होते. जोडवी घातलेले एका बाईचे. एका तरुण मुलाचे, गुडघ्यांपर्यंत थरथरणारे. खिडकीशी दवाखान्याच्या निळ्या सपातांमधले म्हाताऱ्या माणसाचे. त्यापलीकडे तिला दिसलं नाही, पण ओळ तिथे संपत नव्हती. ज्या खोलीत खुर्ची फिरवायला जागा नाही, त्या खोलीत सगळे बाकावर बसावेत तसे बसले होते.

तिनं नजर उचलली नाही. पेला तेवढा आत सरकवला.

"पी," ती म्हणाली. "पी आणि आईकडे जा. इकडे थांबू नकोस. मला तू इथे हवा आहेस रे, फार हवा आहेस, पण असा नको. पाणी पिऊन घे आणि नीट नव्यानं नीघ."

एक हात खाली आला. मनगटावर सुई चिकटवलेली पट्टी होती. त्यानं पेला उचलला. घोट घेतल्याचा आवाज आला, आणि पेला रिकामा होऊन परत आला. खुर्ची घर्र करून टेबलाला जाऊन लागली. नंतर तिथे त्याचे पाय नव्हते.

पूर्णिमानं दार ओढून घेतलं आणि ती जिन्यावर बसून हमसून हमसून रडली. आतला श्वास थांबला नव्हता. एक गेला होता, बाकीचे चालू होते.

७

उत्तर यायला दीड दिवस लागला. तेवढ्या वेळात तिनं काही खाल्लं नाही. मग यामिनीचा फोन आला. दादाचा ऑक्सिजन चढतोय. डॉक्टर म्हणतात, कसा ते आम्हालाही नीट सांगता येत नाही.

पूर्णिमा देवापुढे दिवा लावून आली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. कपाटातले सगळे पेले काढले, ते संपल्यावर कॉफीचे मग काढले. वर जाऊन एकेक करून तिनं ते दारातून आत सरकवले. पाहुण्यांना तिनंच बोलावलं होतं. आपल्या माणसाला पाणी पाजून बाकीच्यांना तहानलेलं ठेवायचं, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं.

सकाळी काही रिकामे मिळत. मुलाचा मिळाला, दोन दिवसांनी यामिनी सहज बोलून गेली की समोरच्या खाटेवरचा कॉलेजचा पोरगा वाचला, नळी निघाली. मग जोडवीवालीचा मिळाला, आणि त्या संध्याकाळी कळलं की बायकांच्या वॉर्डातली एक बाई गेली. त्या दिवशी पूर्णिमानं पेले भरले नाहीत. हात धजेना. तिसऱ्या दिवशी दारामागे इतका केविलवाणा घशाचा आवाज यायला लागला की तिनं पुन्हा भरले. कुणाला कुठे जायचंय ते तिच्या हातात नव्हतं. पाणी देणं हातात होतं.

मे संपता संपता आत शांत होत गेलं. शेवटी एकच पेला भरलेला राहायला लागला, खिडकीकडचा.

"ते पोस्टमास्तर काका?" तिनं यामिनीला विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"ते तर केव्हाच गेले, वहिनी. दादा शुद्धीवर आला त्याच रात्री. घरचं कोणीच नव्हतं त्यांचं, महापालिकेनंच केलं सगळं. दादाला सांगितलं नाही आम्ही अजून."

पूर्णिमा रोज सकाळी तो पेला बदलायची. शिळं पाणी कुणाला कसं ठेवायचं.

८

शार्दूल परत आला तेव्हा ऑगस्ट लागला होता. वजन निम्म्यावर आल्यासारखं वाटत होतं, केस पिकले होते, पण दारात उभा राहून तो पहिलं वाक्य बोलला ते असं की, "चार्जर आणलाय." पूर्णिमा त्याच्या गळ्यात पडली आणि कितीतरी वेळ तिला हलता आलं नाही. नोरीननं कुंपणावरून केक दिला. या वेळी तिनं त्याला नीट निरखून पाहिलं आणि काही विचारलं नाही.

जेवण झालं. ऊन जिन्यापर्यंत आलं होतं. शार्दूल कठड्याला धरून, दर चार पायऱ्यांना थांबत वर गेला. बॉक्स रूमपाशी तो उभा राहिला. पूर्णिमा मागे होती.

"खिडकीजवळचे काका गेले का?" त्यानं विचारलं. शेजारपाजारची चौकशी करावी तसं.

"नाही," ती म्हणाली. "पाणी घेत नाहीत."

"घेणार नाहीत. आमचं ठरलं होतं, बरोबर निघायचं. ते म्हणाले होते, मला एकट्याला रस्ता सापडायचा नाही, तू निघालास की हाक मार." तो दाराकडे बघत होता. "मला पाणी मिळालं आणि मी हाक न मारताच निघालो."

"तुला माहीत आहे का, ते—"

"माहीत आहे. मला सांगितलं नाही कुणी, पण माहीत आहे." त्यानं हात पुढे केला. "आण, मी देतो. दोन पेले आण. पाहुण्याला एकट्यानं पी म्हणायचं बरं दिसत नाही."

पूर्णिमा खाली गेली. तिनं एकच पेला भरला आणि एकच वर आणला. शार्दूलनं तो घेतला. त्यानं दार उघडलं, आणि त्या हिरवट उजेडात पाऊल टाकलं. तिनं त्याचा डावा हात धरला होता, तो सोडला नाही. स्वतः चौकटीत उभी राहिली आणि दार लागू नये म्हणून खांदा मधे घातला. आत तिनं पाहिलं नाही.

"काका," शार्दूलचा आवाज आला. "उशीर झाला मला. घ्या."

नुसता तो श्वास. मग एक म्हातारा आवाज आला, अगदी सभ्य, वऱ्हाडातला.

"तुम्ही बी घ्या ना. मी एकटा कसा घेऊ?"

तिच्या हातातला शार्दूलचा हात गार पडत चालला. बोटांमधून पाणी ठिबकायला लागलं. तो नाही म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आजवर कुणाचा आग्रह त्याला मोडता आला नव्हता. कुणाकडे गेला की दोनदा चहा पिऊन येणारा माणूस तो.

"नको, काका," पूर्णिमा दारातून म्हणाली. घरी आलेल्या कुणालाही म्हणावं तितक्याच मायेनं. "त्याचं झालंय. तुम्ही घ्या सावकाश. आम्ही आहोत इथे, तुमचं होईपर्यंत."

एक घोट ऐकू आला. मग दुसरा. म्हातारा माणूस पितो तसं थांबत थांबत ते चाललं, आणि ती मोजत नव्हती, नुसती हात घट्ट धरून उभी होती. शेवटी पेला जमिनीवर टेकला, आणि आतला श्वास ऐकू यायचा थांबला.

शार्दूलचा हात कोपरापर्यंत भिजला होता. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि ओढून त्याला बाहेर घेतलं.